उत्तरपत्रिका रद्दीत जाण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी लातूरच्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कायम पहिल्या पाचात असणारी मुलगी, पण शेवटच्या सत्रात तिला दोन विषयांत नापास केलं आहे. निकाल लागून नऊ दिवस झाले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे मी माझ्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकणार आहे. तीन पानांचा, चौदा मुद्द्यांचा अर्ज आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स सोबत जोडली आहे. अर्ज बरोबर आहे का? माहिती दिली नाही तर अधिकाऱ्याला २५ हजार रुपये दंड होतो असं ऐकलं, तो लवकर कसा लावता येईल? मुलीला एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा आहे. आठ दिवसांपासून ती नीट जेवत नाही.
— एक पालक, अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : पत्रात तुमचा फोन नंबर होता, म्हणून यातलं तातडीचं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं. दर निकालानंतर अशी पत्रं येतात, त्यामुळे सगळं इथे सविस्तर मांडतो.

तुम्ही अर्जाबद्दल आणि दंडाबद्दल विचारलंत, पण खरी काळजी शेवटच्या दोन वाक्यांत आहे. मुलीचं वर्ष वाचेल का, हा तुमचा प्रश्न आहे. अधिकाऱ्याला दंड होऊन ते वाचत नाही. दंडाची रक्कम दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार. ती माहिती आयोग लावतो आणि ती सरकारजमा होते. ते डोक्यातून काढून टाका.

आधी गुणपत्रिका. झेरॉक्स फिकट आहे म्हणून उजेडात धरून वाचली. भौतिकशास्त्राच्या लेखी पेपरात ४० पैकी ११ आहेत. वनस्पतिशास्त्रात मात्र लेखीला २७ आहेत आणि प्रात्यक्षिकाच्या रकान्यात दोनच अक्षरं आहेत : एबी. म्हणजे गैरहजर. मुलीने तर प्रात्यक्षिक दिलं आहे, बहिःस्थ परीक्षकासमोर सहीसुद्धा केली आहे, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. मग या विषयात तिला कोणी नापास केलेलं नाही. तिचे गुण महाविद्यालयाकडून विद्यापीठात पोचले नाहीत, किंवा दुसऱ्याच सीट नंबरपुढे चढले. याला माहिती अधिकार लागत नाही, पुनर्मूल्यांकनही लागत नाही. प्रात्यक्षिकाची हजेरी आणि गुणयादी महाविद्यालयात असते. तिची प्रत जोडून प्राचार्यांचं पत्र विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जायला हवं, आणि त्या पत्राचा जावक क्रमांक तुमच्या खिशात हवा. महाविद्यालयाने टोलवाटोलवी केली तरच त्यांच्याकडे माहितीचा अर्ज करा. ‘आम्ही खासगी संस्था आहोत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. सरकारी अनुदान मोठ्या प्रमाणात घेणारी महाविद्यालयं या कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

उरला भौतिकशास्त्राचा पेपर. घरंच्या घरं जिथे फसताना मी पाहिली आहेत ती जागा ही आहे, म्हणून इथे थांबून वाचा.

निकालाबरोबर विद्यापीठाचं परिपत्रक निघतं : उत्तरपत्रिकेची छायाप्रत कधीपर्यंत मागायची, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कधीपर्यंत भरायचा, शुल्क किती. ही मुदत मोजक्या दिवसांची असते आणि गुण बदलायची ताकद फक्त याच वाटेत आहे. माहिती अधिकाराने उत्तरपत्रिका पाहायला मिळते, त्यातला एक गुणही बदलत नाही. तुम्ही माहितीचा अर्ज टाकलात म्हणून पुनर्मूल्यांकनाची मुदत एका दिवसानेही वाढत नाही.

आता दिवस मोजा. माहिती द्यायला ३० दिवस. नाही मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच्या निकालाला ३० ते ४५ दिवस. त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील, माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे, आणि तिथे तारीख यायला वर्ष उलटतं. दरम्यान उत्तरपत्रिका कुठे असते? गठ्ठ्यात. ती जपून ठेवायचा काळ महिन्यांत मोजायचा असतो, तो संपला की गठ्ठा रद्दीत जातो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला होता. विद्यापीठाचं नाव घेत नाही. दोन-तीन गुणांनी राहिलेला. थोरल्या भावाने कौतुकाने स्वतःच्या नावाने अर्ज केला. छायाप्रतीची मुदत चालू होती, पण ‘कशाला शुल्क भरायचं, माहिती अधिकारात दहा रुपयांत मिळते’ असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं : अर्जदार स्वतः परीक्षार्थी नाही, त्रयस्थाची वैयक्तिक माहिती देता येत नाही. भाऊ अपिलात गेला, तिथेही हरला. मग मुलाने स्वतःच्या नावाने नवा अर्ज केला. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं : उत्तरपत्रिका नियमानुसार नष्ट करण्यात आल्या आहेत. तो कागद माझ्या टेबलावर ठेवून मुलगा गप्प बसून राहिला. माझ्याकडेही त्याला द्यायला काही नव्हतं, कारण सगळं नियमात बसणारं होतं.

तुमचा अर्जही ‘माझ्या नावाने’ आहे. बाप असलात तरी मुलगी सज्ञान आहे, आणि तिची उत्तरपत्रिका मागताना कायद्याच्या नजरेत तुम्ही त्रयस्थ आहात. नोव्हेंबर २०२५ पासून तर ही वाट आणखी अरुंद झाली आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे दाखवावं लागे. आता माहिती वैयक्तिक आहे एवढंच पुरतं. व्यापक जनहित दाखवून ८(२) खाली मागता येतं, पण एका पेपरासाठी ते कोणी मान्य करणार नाही. सही मुलीचीच हवी.

स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हा हक्क सहज मिळालेला नाही, हेही सांगतो. आपल्याच पुण्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्ध विद्यार्थी उच्च न्यायालयात जिंकले होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि उत्तरपत्रिका दाखवायची गरज नाही हा मंडळाचा नियम कायम राहिला. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये आला, आणि ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका मागण्याचा हक्क मान्य झाला. पण त्याच निकालात पुढे जे आहे ते कोणी वाचत नाही : हा हक्क उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या काळापुरताच, आणि या कायद्याखाली फेरतपासणी मागता येत नाही.

तेव्हा क्रम असा. आजच विद्यापीठाचा छायाप्रतीचा अर्ज शुल्कासह भरा, आणि परिपत्रकात परवानगी असेल तर पुनर्मूल्यांकनाचाही भरून ठेवा. शुल्क जास्त वाटेल. भरा. त्याच दिवशी मुलीच्या सहीने माहितीचा अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, परीक्षा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. एकाच्या जागी दुसरा नाही, दोन्ही. विद्यापीठाची स्वतःची छायाप्रतीची सोय आहे म्हणून माहितीचा अर्ज नाकारता येत नाही. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वाटा खुल्या असल्याचं सांगितलं आहे.

तुमची तीन पानं बाजूला ठेवा. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. एवढंच लिहा :

‘माझा सीट क्रमांक अमुक. अमुक सत्रातील भौतिकशास्त्र, पेपर क्रमांक अमुक, या विषयाच्या माझ्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची सर्व पुरवण्यांसह साक्षांकित प्रत मिळावी. उत्तरपत्रिका किती काळ जतन करायच्या यासंबंधीच्या नियमाची प्रत मिळावी. या अर्जाचा व त्यावरील अपिलांचा निर्णय होईपर्यंत सदर उत्तरपत्रिका नष्ट करू नये.’

शेवटचं वाक्य गाळू नका. मागितलेली माहिती नष्ट करणं हे कलम २० मध्ये दंडाचं कारण म्हणून लिहिलेलंच आहे. त्या दंडाचा तुम्हाला होणारा उपयोग एवढाच : ते वाक्य आणि त्यावरचा आवक शिक्का पाहून गठ्ठा रद्दीवाल्याकडे देणारा हात थांबतो. अर्ज जतनाच्या मुदतीत पोचला होता याचा पुरावाही तोच शिक्का. अहमदपूरहून स्पीड पोस्ट चालेल. जमलं तर एसटीने नांदेड गाठून विष्णुपुरीच्या परिसरात हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

तुमचे बाकीचे मुद्दे. ‘कमी गुण का दिले’ : ‘का’चं उत्तर ही माहिती होत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने डॉ. सेल्सा पिंटो प्रकरणात २००८ सालीच ते सांगितलं आहे. परीक्षकाचं नाव : मिळणार नाही, आणि मिळू नये. वर्गातल्या इतर मुलींचे गुण : त्या मुलींनाही बाप आहेत. पाच वर्षांतल्या सगळ्या फेरतपासण्यांची आकडेवारी : मिळाली तरी तुमच्या मुलीच्या कामाची नाही. आणि अर्जाबाहेरच्या दोन गोष्टी. पाच हजारांत अर्ज लिहून देणारा ‘कार्यकर्ता’ : नको. विद्यापीठाच्या दारात उपोषण : मुळीच नको.

अर्ज गेल्यावर ‘अमुक पानांचे अमुक रुपये भरा’ असं पत्र येईल. पानाला दोन रुपये असतात. ते पत्र त्यांनी पाठवलं त्या दिवसापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरत नाहीत, म्हणून पत्र हाती पडेल त्याच दिवशी भरा. तीस दिवसांत काहीच आलं नाही तर एकतिसाव्या दिवशी ‘जोडपत्र ब’मध्ये पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. कोणी कलम १८ खाली थेट आयोगाकडे तक्रार करायला सांगेल. त्या तक्रारीत दंड होऊ शकतो, माहिती द्या असा आदेश मिळत नाही. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्येच ते ठरलं. तुम्हाला कागद हवा आहे, म्हणून अपील.

प्रवेशाचं. एम.एस्सी.च्या प्रवेशाची शेवटची तारीख पाहून ठेवा आणि पुनर्मूल्यांकनाच्या पावतीसह त्या विभागाला आत्ताच लेखी कळवा. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागला की मगच बघू, असं म्हणत थांबू नका. आणि मुलीला पुढच्या परीक्षेचा अर्जही भरायला सांगा. तिला राग येईल, कारण तो भरणं तिला हार मानल्यासारखं वाटेल. तरी भरा. निकाल बदलला तर ते पैसे वाया गेले असं समजा, नाही बदलला तर सहा महिने वाचतील.

छायाप्रत हातात आली की आतली उत्तरं वाचत बसण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिल्या पानावरची बेरीज आतल्या गुणांशी जुळते का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, आणि पुरवण्या सगळ्या आहेत का. ११ गुणांचा पेपर लिहिणारी ही मुलगी नाही असं तुम्ही म्हणता. तसं असेल तर बहुतेक वेळा गडबड याच तिन्हींपैकी एकात निघते. तिने भौतिकशास्त्राच्या पेपराला किती पुरवण्या घेतल्या होत्या आणि शेवटचं उत्तर कोणत्या प्रश्नाचं लिहिलं होतं, हे आज संध्याकाळी तिच्याजवळ बसून विचारा आणि तारीख घालून एका कागदावर लिहून ठेवा.