शस्त्र भरणे, रिकामे करणे व जपणे : परवानाधारकांसाठी एक पाठ

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण आणि शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर या डोंगराळ तालुक्यांत पीकसंरक्षणासाठी बंदूक बाळगणारी शेतकरी कुटुंबे आहेत. शहरांतून स्वसंरक्षणार्थ पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर बाळगणारे परवानाधारकही आढळतात. शस्त्र कोणतेही असो, अपघातानंतर पुष्कळदा एकच वाक्य ऐकू येते : "ते रिकामे आहे असे वाटले." म्हणून शस्त्र रिकामे कसे करावे आणि ते खरोखर रिकामे झाल्याची खात्री कशी करावी, हाच परवानाधारकाच्या शिक्षणाचा पहिला धडा होय.

कायद्याची अपेक्षा

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जदारासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या लेखी हमीची तरतूद केली. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकास बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या ३ वरून २ वर आणली. समारंभात निष्काळजीपणे बार काढून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वरातीत आकाशाकडे झाडलेली गोळी कोठेतरी खाली येतेच, हे विसरून चालणार नाही.

प्रशिक्षण हे केवळ प्रमाणपत्रापुरते असू नये. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते बडोद्यात जन्मलेले, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. नेमबाजीच्या मैदानावर सरावाइतकेच महत्त्व शिस्तीस असते. तेथे नेमबाज शस्त्र खाली ठेवताना ते उघडून रिकामे करतो आणि चेंबरमध्ये रंगीत सुरक्षापट्टी घालतो, म्हणजे शस्त्र रिकामे असल्याचे दुरूनही इतरांना दिसते. हीच सवय घरी व शेतावर उतरावयास हवी.

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर

कोणतेही शस्त्र हाती घेताना ते भरलेले आहे असेच मानावे. नळीचे तोंड सुरक्षित दिशेस असावे आणि बोट चापाबाहेर असावे. पिस्तूल रिकामे करताना क्रमास फार महत्त्व आहे. प्रथम मॅगझिन काढावे, नंतर वरची सरक मागे ओढून चेंबरमधील काडतूस बाहेर पाडावे, सरक मागेच अडकवावी आणि चेंबर डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपावे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी सरक ओढून मग मॅगझिन काढले, तर मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते. मालकाच्या हाती मॅगझिन असते, मन निश्चिंत असते आणि पिस्तूल मात्र भरलेले असते. मॅगझिन काढले असतानाही अनेक पिस्तुले चेंबरमधील गोळी झाडू शकतात. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर उघडून त्यातील प्रत्येक घर मोजून पाहावे.

भरण्याचा व रिकामे करण्याचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, दारू नसलेल्या सरावाच्या काडतुसांनी करावा. त्या वेळी खरी काडतुसे त्या खोलीत असू नयेत. हात क्रमाला सरावल्यावरच वेगाचा विचार करावा.

काडतुसांची निवड

काडतूस शस्त्राच्या बोअरचेच असावे. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत घातल्यास ते पुढे सरकून नळीत अडकते. मागाहून १२ बोअरचे काडतूस भरून बार काढल्यास नळी फुटून भयंकर इजा होते. दोन बोअरची काडतुसे एका खिशात किंवा एका डब्यात कधीही ठेवू नयेत.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेस धरून किमान ३० सेकंद थांबावे व मगच बंदूक उघडावी. आवाज नेहमीपेक्षा मंद आला, तर पुढचा बार काढू नये. शस्त्र रिकामे करून नळीत गोळी अडकली आहे काय, हे पाहावे. वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा मोह काहींना होतो. दारूच्या मापात थोडा फरक पडला तरी शस्त्र फुटू शकते. शिवाय दारूगोळा विनापरवाना तयार करण्यास अधिनियमाच्या कलम ५ नुसार मनाई आहे.

ठासणीची बंदूक

ही बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी एक साधा उपाय आहे. बंदूक निश्चितपणे रिकामी असताना ठासणीचा गज नळीत तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करावी. पुढे गज सोडल्यावर ही खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे असे समजावे. तपासताना टोपी काढलेली असावी आणि चेहरा व शरीर नळीच्या तोंडासमोर नसावे. केवळ टोपी काढल्याने बंदूक रिकामी होत नाही. फुकट गेलेल्या बारावर विसरून दुसरा बार ठासल्यानेही नळी फुटते.

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून वन्य प्राण्यास मारता येत नाही. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकांनी आपली नोंद करावी, अशीही त्यात तरतूद आहे.

घर आणि शाळा

शस्त्र रिकामे करून कुलूपबंद ठेवावे. काडतुसे दुसऱ्या ठिकाणी कुलपात असावीत आणि किल्ल्या केवळ परवानाधारकापाशी असाव्यात. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून शस्त्र पुसून तेल द्यावे. मात्र आधी ते रिकामे असल्याची खात्री दोनदा करून घ्यावी. परवान्याची मुदत संपली, तर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनीही तसेच करावे. शस्त्र हरवल्यास लगेच पोलिसांना कळवावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगाव्यात : बंदूक किंवा काडतूस दिसले तर हात लावू नये, तेथून दूर व्हावे आणि लगेच वडीलधाऱ्यांना सांगावे. परंतु मुलांच्या या शहाणपणावर घराची सुरक्षितता सोपवता येणार नाही. कुलूप लावणे आणि चेंबर पाहणे हे काम परवानाधारकाचेच आहे, आणि ते प्रत्येक वेळी करावयाचे आहे.