जपणाऱ्यांचं ऋण

सरलेलं वर्ष आम्हा दोघांचं हिंडण्यात गेलं. शाळेतून निवृत्त झाल्यामुळे कुठे जायचं हे दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीवर अवलंबून राहिलं नव्हतं. भिगवण, वेळास, रत्नागिरीचे सडे, शेवटी तंजावर. या जागा आपोआप टिकलेल्या नाहीत. त्या कुणीतरी जपल्या म्हणून आम्हाला पाहायला मिळाल्या. त्या माणसांबद्दल मनात जे साठलंय, ते लिहून ठेवते आहे.

१. आपल्या सवडीआधी तिथला हंगाम विचारावा.

उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहायचे तर थंडी उतरणीला लागली की जावं, असं भिगवणजवळच्या कुंभारगावच्या नावाड्याने फोनवरच सांगितलं होतं. गेल्यावर तो पक्ष्यांच्या फार जवळ गेलाच नाही. इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलत राहिला. थवा उडाला की फोटो छान येतो, पण त्याचं खाणं मोडतं, एवढंच म्हणाला. भीमेवर धरण झालं आणि इथली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर मासेमारी करणारी माणसं आता पाहुण्या पक्ष्यांची काळजी घेतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

२. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी करावा.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. आम्ही हरिहरेश्वरकडून बागमांडल्याच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून गेलो. एका घरात पडवीलगतची खोली मिळाली. जेवायला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. वाढता वाढता घरच्या वहिनींनी कासवांची सगळी हकिगत सांगितली, ती कुठल्याही माहितीफलकावर मावली नसती.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांशी तिची भेट होत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गाव त्यात उतरलं. कासवमित्र पहाटे किनारा पायी धुंडाळतात, मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी अलगद उचलून कुंपणातल्या तशाच खोल खड्ड्यात ठेवतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी खड्ड्यावर पालथी घातलेली टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. जमलेल्या मुलांचे चेहरे उतरले. कासवमित्राने त्यांना जवळ बसवून घेतलं आणि वाळूची ऊब कमीजास्त झाली की नर-मादीचं प्रमाण कसं बदलतं, ते समजावून सांगितलं. इतकी वर्षं वर्गात उभी राहिलेली मी, पण निराश झालेल्या मुलांना इतक्या थोड्या वेळात रमवणारा शिक्षक क्वचितच पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली पिल्लं होती! दोरीमागे उभे राहून आम्ही त्यांना उजेडाच्या रोखाने, लाटेकडे जाताना पाहिलं. एखादं उलटं पडायचं, पंख हलवत सरळ व्हायचं, पुन्हा निघायचं. ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

३. जाणत्याचं बोट धरून चालावं.

रत्नागिरीच्या जांभ्या सड्यावर एकटी गेले असते, तर कातळशिल्पांवरून चालत पुढे गेले असते. उक्षीला गावातल्या एका काकांनी आम्हाला हत्तीपाशी नेलं आणि ऊन तिरकं होईपर्यंत थांबायला लावलं. सावली खाचांत उतरली तशी सोंड दिसली, मग पाठ, मग पाय. गावाने या हत्तीभोवती कठडा बांधून घेतला आहे. कशेळीचा हत्ती तर सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राण्यांच्या आकृत्या. कोकणात आज गेंडा नाही, पण इथल्या कातळावर गेंडाही कोरलेला सापडतो. हजारो वर्षांपूर्वी इथे काय जगत होतं, याची ही नोंदच.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव पायपीट करून ही शिल्पं उजेडात आणली. गुराख्यांना विचारत फिरले, कारण सड्यावरची चित्रं त्यांना ठाऊक होती. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. सड्यावरचा दगड आणि जमीन या दोन्हींना आज मागणी आहे, म्हणून ही नोंद फार वेळेवर झाली, असं मला मनापासून वाटतं.

४. एका दिवसात एकच ठिकाण.

याला आणखी स्पष्टीकरण नको.

५. दूरच्या गावी आपलं माणूस भेटलं तर घाई करू नये.

तंजावरला बृहदीश्वराचं मंदिर पाहायला गेलो होतो. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे मंदिर पाहताना मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. त्याच आवारात भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे आले आणि पुढे १८५५ पर्यंत हे राज्य टिकलं, हे मी शाळेत शिकवलं होतं. त्या भिंतीसमोर उभी राहिल्यावर घसा दाटून आला.

सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं, पोथ्या, मोडीतले कागद. सरफोजीराजांनी काशीयात्रेतूनही हस्तलिखितं गोळा करून आणली होती. तिथे आमचं बोलणं ऐकून एक आजोबा जवळ आले आणि मराठीत बोलू लागले. उच्चार वेगळा, चाल तमिळ वळणाची, पण मराठीच. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ती बोलली जाते. दुपारी आम्हाला घरी नेलं, केळीच्या पानावर जेवू घातलं. त्यांना देवनागरी वाचता येते, नातीला येत नाही, आणि याचीच त्यांना काळजी. शाळा नाही, वर्तमानपत्र नाही, केवळ जेवणाखाण्याच्या बोलण्यातून त्यांनी भाषा इतकी वर्षं तगवली. महाराष्ट्रात राहणाऱ्या आपण त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं.

६. परतल्यावर संबंध ठेवावा.

‘फोटो पाठवतो हं’ असं प्रत्येक जण म्हणतो. आम्ही छापून घेतले आणि टपालाने पाठवले. वेळासच्या वहिनींनी फोन करून यंदाच्या आंब्याची खबर दिली. तंजावरच्या आजोबांना मोठ्या टायपातली मराठी गोष्टींची पुस्तकं आणि एक बाराखडी पाठवली. नात आता जोडाक्षरांपर्यंत आली आहे. पुढच्या पार्सलमध्ये प्राण्यांच्या गोष्टी जास्त असाव्यात, असं तिने आजोबांकडून कळवलंय. ती पुस्तकं निवडण्याचं काम सध्या ह्यांच्याकडे आहे.