घासाच्या बियाला औषध लावताना

१. आमच्या नगरकडे नुसतं ‘घास’ म्हटलं की लसूणघासच. राहुरीच्या विद्यापीठाचा ‘आरएल-८८’ गोठ्यागोठ्यात पोचलेला. त्याच घासात नवा बदल घडवायचा म्हणून मी बी ईएमएसमध्ये, म्हणजे इथाइल मिथेन सल्फोनेटमध्ये, भिजवायला घेतलं. दिसायला पाणी, पण डीएनएलाच डसणारं आणि कॅन्सरची भीती असलेलं. हातमोजे हवेतच. उरलेलं द्रावण थायोसल्फेटने निकामी केल्याशिवाय ओतायचं नाही.

२. द्रावण ताजंच करा. पाण्यात ते आपोआप मोडतं. २० अंशांना निम्मं व्हायला जवळपास चार दिवस लागतात, ३० अंशांना जेमतेम एक. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी शनिवारी केलेलं द्रावण सोमवारी वापरलं. बी तरारून उगवलं! मी खूश. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “अहो, मग औषधानं केलं काय?”

३. निम्मी रोपं मरतील ती मात्रा कोणती, हे आधी थोड्या बियांवर बघा. दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा आपल्या बियाला लागू पडेलच असं नाही.

४. पहिल्या पिढीवर भाळू नका. खुरटी रोपं, चुरगळलेली पानं ही बहुतेक नुसती इजा असते. शिवाय एकाच झाडाच्या दोन फांद्या वेगळ्या निघू शकतात. खरी झडती दुसऱ्या पिढीत. पांढरीफटक रोपं दिसली की औषध लागलं म्हणायचं. हरितद्रव्य नाही, म्हणून बियातली शिदोरी संपली की ती जातात.

५. हे मला उशिरा कळलं: घासात गुणसूत्रांचे चार संच, एकूण ३२. एक प्रत बिघडली तर उरलेल्या तीन ते झाकून नेतात. त्यात मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, ती वेगळीच. नवख्याने चवळी घ्यावी. दोनच संच आणि फुलं बहुधा स्वतःच फळणारी. ‘फुले जयवंत’ हे चाऱ्याचं गवत तर बाजरी आणि नेपियरचा संकर. त्याला कामाचं बीच धरत नाही, कांडीच्या डोळ्यांवरच प्रयोग करावा लागतो.

६. खूण ठळक करा. पहिल्याच पिढीत एका फांदीवर दर पानात तीनऐवजी पाच पर्णिका दिसल्या. मी हौसेने लाल दोरा बांधला आणि वहीत लिहिलं. कापणीवाल्या मावशींना सांगायचं मात्र राहिलं. संध्याकाळी दोरा बांधावर, फांदी म्हशीच्या गव्हाणीत. घास पुन्हा फुटला. रोज जाऊन मोजत होतो. पर्णिका तीनच.