मुलाखतीला पोपट पाठवू नका

निकाल लागले की दिघी-बोर्लीपंचतनच्या पालकांचा एकच प्रश्न येतो: "मुलाला मुलाखतीचा क्लास लावू का? इंग्रजी कच्चं आहे त्याचं." २०२१ मध्ये दिघी बंदर अदानी पोर्ट्सकडे गेलं, ऑगस्ट २०२४ मध्ये दिघी पोर्ट औद्योगिक क्षेत्राला केंद्राची मंजुरी मिळाली. दारात नोकऱ्या येणार म्हणून घराघरांत घाई सुटली आहे.

नका लावू क्लास. तिथली वर्गभर मुलं एकाच सुरात 'मायसेल्फ'ने सुरुवात करतात आणि उणीव विचारली की सगळ्यांची एकच: 'मी फार परफेक्शनिस्ट आहे.' समोरचा तिथेच ऐकायचं थांबतो.

एका पानाचा बायोडेटा, मूळ कागदपत्रं, इस्त्रीचे कपडे, वेळेआधी हजर. हे घरच्या घरी जमतं.

लक्षात राहतो तो स्वतः केलेलं काम बारकाईने सांगणारा. दिघीची मुलं नेमकं तेच लपवतात. 'वडील मच्छीमार' एवढं पुटपुटून गप्प! अरे, तिथीची पाऊणपट केली की आपल्याकडच्या भरतीची साधारण वेळ निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, हे तुला घरात बसून कळतं. धक्क्याला लागलेलं जहाज भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतं, दोर ताणतात, ढिले पडतात, त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. होडी बांधलेल्या पोराला हे कुणी शिकवायचं? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना इंजिन खोललं असशील, तर बिघाड कसा सापडला ते सांग. आईच्या मासळीचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीनेही उधारी कशी वसूल केली ते सांगावं. मोडक्या हिंदीत सांगितलं तरी चालतं. अर्थात, वेल्डरच्या जागेला वेल्डिंगचं प्रमाणपत्र लागतंच. भरतीचं गणित त्याची भरपाई करत नाही. आणि जे येत नाही ते 'येत नाही' म्हणावं.

आता पालकांबद्दल. मुलाखतीच्या दारापर्यंत येणारे वडील, मुलाआधी पगार विचारणारी आई, पुढाऱ्याची चिठ्ठी: असा उमेदवारही लक्षात राहतो, पण नाकारण्यासाठी. 'बंदरात चिकटवून देतो' म्हणणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नका.

तालीम हवीच असेल तर रात्री जेवताना मुलाला विचारा, गेल्या महिन्यात हाताने काय दुरुस्त केलंस? तो सांगत असताना मध्ये बोलू नका.