दंड, निलंबन आणि दोषांक

दंड भरला की प्रकरण मिटले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोप्पीकर रोडसारख्या गर्दीच्या रस्त्यावर पोलिसाने अडविले, पावती फाडली, पैसे दिले आणि आपण पुढच्या चौकात मोकळे! परंतु वाहन चालविणे हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे. तो शासनाने अटींवर दिलेला परवाना आहे, आणि अटी मोडल्यास तो काढूनही घेता येतो. हे कसे घडते, आणि काही देशांत रूढ असलेली दोषांकांची पद्धत याहून कशी निराळी आहे, याचा येथे थोडक्यात विचार करू.

आपला कायदा

आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्यातील कलम १९ अन्वये परवाना अधिकारी एखाद्या चालकास अपात्र ठरवू शकतो. हुबळीकरांच्या दृष्टीने हे काम प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे. २०१९ च्या दुरुस्तीने ही तरतूद अधिक कडक झाली. अतिवेग, धोकादायकपणे वाहन चालविणे, मद्यप्राशन, शर्यत, दुचाकीवर तिघांनी बसणे, हेल्मेट न घालणे, रुग्णवाहिकेस वाट न देणे अशा गुन्ह्यांत पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवितो. तांबडा दिवा ओलांडणे व चालविताना हातात फोन धरणे हेदेखील धोकादायक चालविण्यातच मोडते.

पुढे चालकाचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. अधिकारी त्यास दोषमुक्त करू शकतो, अथवा लेखी कारणे देऊन पहिल्या गुन्ह्यासाठी ३ महिने अपात्र ठरवितो. गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना रद्द होतो. या हुकुमावर ३० दिवसांच्या आत अपील करता येते. मुदत संपली तरी उजळणी प्रशिक्षण पुरे केल्यावाचून परवाना परत मिळत नाही. अपात्रतेच्या काळात वाहन चालविणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. त्या काळात अपघात घडल्यास विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा घरादारावर येऊ शकतो.

दोषांकांची पद्धत

आता ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तेथे प्रत्येक गुन्ह्याला अंक ठरलेले आहेत. तांबडा दिवा ओलांडल्यास ३, अतिवेगासाठी ३ ते ६, हातात फोन धरल्यास ६. समजा, एका तरुणाने तीन वर्षांच्या आत एकदा दिवा ओलांडला, एकदा वेगमर्यादा मोडून ३ अंक घेतले आणि एकदा फोनवर बोलताना तो सापडला. बेरीज १२ झाली. १२ अंक भरले की सामान्यतः किमान ६ महिने वाहन बंद. नवशिक्यांना तर पहिल्या दोन वर्षांत ६ अंक झाले तरी परवाना गमवावा लागतो. आपली कित्येक मराठी माणसे नोकरीनिमित्त संयुक्त अरब अमिरातीत असतात. तेथेही असे अंक आहेत, त्यांची मर्यादा २४ आहे.

दोहोंतील फरक

कागदावर पाहता आपला कायदा अधिक कठोर आहे. ब्रिटनमधील तरुणास तिसऱ्या गुन्ह्यानंतर जी शिक्षा होते, तशी आपल्याकडे पहिल्याच गुन्ह्यास होऊ शकते. पण रिक्षावाल्याचा ३ महिन्यांचा परवाना म्हणजे ३ महिन्यांची भाकरी. इतकी मोठी शिक्षा पहिल्याच वेळी देताना अधिकाऱ्याचा हात आखडणे स्वाभाविक आहे. मग उरतो तो दंड. दंडाचा दोष असा की तो श्रीमंताला जाणवत नाही आणि गरिबाला चटका लावतो. शिवाय तो माफही होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात थकलेल्या दंडांवर ५० टक्के सूट दिली गेली होती. दोषांक मात्र पैशाने फेडता येत नाहीत. शिक्षा लहान, परंतु ती विसरली जात नाही, हेच या पद्धतीचे बळ.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी आहे असेही नाही. अपात्रतेचा शेरा परवान्यावर नोंदवावा, आणि पुढे ३ वर्षे नवा हुकूम न झाल्यास कोरा परवाना मिळावा, अशी तरतूद १९८८ च्या कायद्यातच आहे. म्हणजे परवान्याला स्मरणशक्ती दिली आहे, पण किरकोळ चुकांना अंक देऊन त्यांची बेरीज करण्याची सोय त्या मूळ कायद्यात नव्हती.

एक अडचण

अंक मोजण्यात एक मोठी अडचण आहे. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो, चालकाचा चेहरा ओळखत नाही. आपल्या घरांत स्कूटर वडिलांच्या नावावर आणि चालविणारा मुलगा, असा प्रकार नेहमीचा. मग अंक कोणाच्या खाती मांडावयाचे? वडिलांनी मुलाचे नाव सांगावयाचे काय? या प्रश्नाचे न्याय्य उत्तर सापडल्याखेरीज कोणतीही अंकपद्धती नीट चालणार नाही.

मुलगा अज्ञान असल्यास कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. पालकास अथवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. महाविद्यालयात पहिले पाऊल टाकणाऱ्या आपल्या धाकट्या मित्रांनी हा शेवटचा आकडा विशेष ध्यानात ठेवावा. सोळाव्या वर्षीच्या एका फेरीसाठी नऊ वर्षे पायी चालण्याचा हा व्यवहार आहे.