वाहनधारक कामावर कसा जातो?

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम् हे कावेरी व अरसलार या नद्यांमध्ये वसलेले प्राचीन नगर होय. राज्य परिवहनाच्या एका महामंडळाचे मुख्यालयही येथेच आहे. असे असूनही घरी स्कूटर असलेला नोकरदार बहुधा बसकडे वळत नाही. याचे कारण काय असावे?

एक कल्पित उदाहरण घेऊ. सुमारे ४ किलोमीटरवरील दारासुरम् येथून एक कारकून कुंभकोणम् येथे कामास येतो. बसने जाताना थांब्यापर्यंत चालण्यास ५, वाट पाहण्यास १२, बसमध्ये १५ व उतरल्यावर चालण्यास ५, अशी ३७ मिनिटे लागतात. स्कूटरला १२ मिनिटे पुरतात. शिवाय थांब्यावरचे एक मिनिट बसमधील सुमारे दोन मिनिटांइतके जड वाटते, असे वाहतूकशास्त्र मानते. त्या हिशेबाने ३७ ची ४९ होतात. स्कूटरची किंमत तर पूर्वीच दिलेली असते. रोजच्या हिशेबात केवळ पेट्रोल येते.

परंतु हाच कारकून सुमारे ४० किलोमीटरवरील तंजावरला जाताना आगगाडीचा विचार करतो. तेथे पेट्रोल, थकवा व अपघाताचे भय यांचे पारडे जड होते. निवड केवळ स्वभावावर नव्हे, तर प्रवासावरही अवलंबून असते.

अशा निवडीचे गणित अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅक्फॅडन यांनी मांडले. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७२ साली नवी रेल्वे सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिने जातील, असा अधिकृत अंदाज होता. मॅक्फॅडन यांचा ६.३ टक्के होता. प्रत्यक्षात ६.२ टक्के लोक गेले. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या गणितावरून उपायही सुचतो. बस ५ मिनिटे लवकर पोहोचली, तर वरील ४९ ची ४४ होतात. बसफेऱ्या दुप्पट होऊन वाट पाहणे ६ मिनिटांवर आले, तर ३७ होतात. मे २०२१ मध्ये तमिळनाडूत साध्या शहरी बसगाड्यांतून स्त्रियांना भाडे माफ झाले. परंतु भाडे शून्य झाल्याने वाट पाहणे शून्य होत नाही.

वाहनधारकांनी बस सोडली की उत्पन्न घटते, फेऱ्या कमी होतात आणि वाट पाहणे वाढते. मग आणखी प्रवासी बस सोडतात. या चक्राची झळ ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांनाच अधिक बसते. म्हणून वाहनधारकाची निवड ही त्याची एकट्याची बाब राहत नाही.