घरात दोघे, पण सोबत किती वेळ?



लग्नाच्या दिवशी वेदीसमोर आपण सुखदुःखात सोबत राहण्याचे वचन दिले. त्यातले 'सोबत' राहणे आज आपल्या दिवसात किती उरले आहे, हे थोडे तपासून पाहू या.

आपल्या भागात पूर्वी यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला नवरा-बायको पहाटेच निघत. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून आणायचा, सावलीत बसून 70 पानांचे एकेक पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर न्यायचे. कष्ट फार, पण ते दोघांचे एका जागी होते. हात कामात आणि तोंडाने मुलांची शाळा, उसनवारी, माहेर-सासर सगळे बोलून होई. गडचिरोलीच्या अनेक गावांत आजही असे चालते.

पण पुष्कळ घरांत आता काम दोघांना दोन दिशांना नेते. वीज केंद्रात आणि कोळसा खाणीत तीन पाळ्या चालतात. नवरा रात्रपाळी करून घरी येतो, तेव्हा बायको शाळेत किंवा अंगणवाडीत जायला निघालेली असते. कोणाची नेमणूक भामरागडला, तर संसार चंद्रपूरला. धान निघाले की कितीतरी मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. 2020 च्या टाळेबंदीत त्यांतले अनेक तिकडेच अडकले, तेव्हा या ताटातुटीची खरी कल्पना आपल्याला आली. ही सगळी कामे पोटासाठी आहेत. त्यांना दोष देऊन चालणार नाही.

मग पवित्र शास्त्र काय सांगते? अनुवाद 24:5 मध्ये एक नियम आहे. नुकतेच लग्न झालेल्या पुरुषाला वर्षभर युद्धावर पाठवू नये, त्याच्यावर दुसरे कामही लादू नये. त्याने घरी राहून पत्नीला आनंद द्यावा. हा नियम पाळायची जबाबदारी एकट्या जोडप्यावर नाही, ती सगळ्या समाजावर आहे. संत पौल तर 1 करिंथकर 7:5 मध्ये सांगतात की, पती-पत्नीने प्रार्थनेसाठीसुद्धा एकमेकांपासून दूर राहायचे ते दोघांच्या संमतीने, ठरावीक काळापुरतेच, आणि मग पुन्हा एकत्र यावे. पोप फ्रान्सिस यांनीही 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात प्रेमाला वेळ द्यावाच लागतो, याची आठवण करून दिली आहे.

आता समाज म्हणून आपण काय करतो? मुलाला आठवड्यातून एक सुट्टी मिळते, तर त्या दिवशी घरातली सारी राहिलेली कामे आपण त्याच्यापुढे मांडतो. सून त्याच्याशी जरा बोलत बसली की आतून हाक येते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, रविवारच्या मिस्सानंतर सभा आणि गायनाचा सराव ठेवून आम्हीही त्यांची दुपार घेतो. जो थोडा वेळ उरतो, तो दोघांच्या हातातले दोन मोबाईल खातात.

म्हणून या आठवड्यात एवढे करू या.

1. पाळीचा तक्ता हातात आला की दोघांनी मिळून पाहावा आणि आठवड्यातला एक तास आपला म्हणून ठरवावा. त्या तासात मोबाईल बाजूला.

2. कामासाठी दूर जायचे असेल तर किती दिवसांसाठी आणि परत कधी, हे दोघांनी बोलून ठरवावे. फोन केला की पैशांच्या आधी प्रकृती विचारावी.

3. आजी-आजोबांनी एक संध्याकाळ नातवंडे सांभाळावीत. ती मुला-सुनेला दिलेली भेटच होईल.

4. झोपण्यापूर्वी दोघांनी मिळून एक छोटी प्रार्थना म्हणावी. दूर असाल तर फोनवर.

चिंतनासाठी: गेल्या आठवड्यात आम्ही दोघे, कामाचा विषय न काढता, किती वेळ बोललो? आमच्यामुळे कोणत्या जोडप्याचा वेळ गेला?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, तर ते त्या जोडप्याला जाऊन सांगू या.